आग्रहाचा बांगडा

'जेवूनच आला असाल ना?' असं पुणेकर पाहुण्याला विचारतो, ही बदनामी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ती करणाऱ्यांनी पुणेकराला प्राण्यांच्या सहवासात पाहिलेलं नाही. माणसाला चहाचं विचारताना आमचं लक्ष घड्याळाकडे जातं, हे कबूल. पण प्राणी दिसला की हात आपोआप पिशवीत जातो. पेशवे पार्कात जनावरं होती त्या काळात 'प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत' या पाटीलाच टेकून मी माकडांना शेंगदाणे चारलेले आहेत. पुढे प्राणी कात्रजला गेले. सवय सदाशिव पेठेतच राहिली.

त्यात पर्थच्या भाच्यानं व्हिडिओ पाठवला. पश्चिम ऑस्ट्रेलियात मंकी मिया म्हणून एक किनारा आहे. नावात माकड आणि पाण्यात डॉल्फिन. तिथे भाचा गुडघाभर पाण्यात उभा, हातात मासा, आणि एक डॉल्फिन शहाण्या मुलासारखा येऊन तो घेतोय. हिनं व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाली, "अहो, आपल्या कोकणात काय डॉल्फिन नाहीत?"

आहेत. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याला रोज सकाळी डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सुटतात. जानेवारीतला शनिवार ठरला. प्रश्न खाऊचा होता. मी बाकरवडी सुचवली. भाच्यानं फोनवर सांगितलं, "मामा, डॉल्फिनच्या जिभेला गोड-आंबट-कडू यातलं जवळजवळ काही कळत नाही. खारट तेवढं कळतं. आणि तो चावत नाही, अख्खा मासा गिळतो." म्हणजे बाकरवडीत जी काही गंमत आहे तेवढी नेमकी याच्यापर्यंत पोचायची नाही. त्या प्राण्याविषयीचं माझं मत तिथेच जरा उतरलं.

तर मासे घेणं आलं. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी मासा विकत घेतलेला नाही. शनिवारी संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर, समोर सुवर्णदुर्ग आणि सभोवती लिलावाचा कल्ला, अशा ठिकाणी मी नाकाला रुमाल लावून उभा होतो. एका मावशींसमोर बांगड्यांचे वाटे मांडले होते. आठाचा एक वाटा मी न घासाघीस करता घेतला. पुणेकर म्हणून ही माझी पहिली हार.

"कापून देऊ?"

"नको, अख्खेच द्या. खाणारे अख्खेच गिळतात."

"तळून?"

"कच्चेच."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि पैसे लगेच कनवटीला लावले.

मुक्काम मुरूडला, एका शाकाहारी घरगुती खाणावळीत. धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. मुरूड आता खूप सुधारलं आहे, पण वाळीत टाकण्याची कला गावानं अगदीच सोडलेली नाही, हे मला रात्री आठ वाजता कळलं. फ्रिजमध्ये बांगडे ठेवू का, असं मी विचारल्यावर मालकीणबाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त फ्रिजला पाठ लावून उभ्या राहिल्या. बांगड्यांनी रात्र आमच्या गाडीच्या डिकीत काढली.

सकाळी होडीत बसलो. तांडेलानं पिशवीकडे पाहून नाक उडवलं.

"काका, ह्यात काय?"

"डॉल्फिनसाठी आणलंय."

तो इतका हसला की सुकाणू हलकं डुललं. "गाद्याला? अहो, तो आमच्या जाळ्यातलं न विचारता घेतो. जाळी फाडतो ती वेगळीच. त्याला तुम्ही कालचा बांगडा देणार?"

डॉल्फिनला इथे गादा म्हणतात, ही माझ्या ज्ञानात पडलेली पहिली भर. दुसरी भर त्यानं इंजिन बंद केल्यावर पडली. सगळं शांत झालं आणि मागून 'फूस' असा आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी अर्ध्यात दाबावी तसा. वळलो तर पाण्यातून राखाडी पाठ वर येऊन वळत होती. पाठीवर चक्क वशिंड! आपल्या किनाऱ्यालगत दिसतात ते बहुतेक हेच. जाहिरातीतल्या डॉल्फिनसारखे ते हवेत कोलांट्या मारत नाहीत, हसत नाहीत, फोटोसाठी थांबत तर मुळीच नाहीत. श्वास घ्यायला वर येतात, तेवढं काम झालं की जातात. पुन्हा कुठे निघतील ते आपण ठरवलेल्या दिशेला कधीच नसतं. मग दोन पाठी एकदम आल्या, एक मोठी आणि तिला चिकटून एक फिकट, धाकटी. होडीतली सगळी माणसं एकदम गप्प झाली. हीसुद्धा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, म्हणून मुद्दाम नोंद करतो.

पण आलोय तर आग्रह करायलाच हवा. मी बांगडा शेपटीला धरून पाण्यावर वाकलो आणि, आता सांगायला हरकत नाही, "ये, ये" असंही म्हणालो. आई-पिल्लू चार वाव अंतरावरून निघून गेले. त्यांनी नाही म्हटलं नाही, कारण मी विचारतोय हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. इतक्यात वरून काहीतरी सपकन आलं आणि हातातला बांगडा गेला. तांबूस अंग, पांढरं डोकं.

"ब्राह्मणी घार," तांडेल म्हणाला. "ती नेहमी खाते."

आमच्या तीन पिढ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

परतताना त्यानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तिथेच हाही आहे. ताडोब्यात तुम्ही वाघाला हातानं भरवता का, असं त्यानं विचारलं. दुसरी म्हणजे, उरलेले सात बांगडे तो घेणार नाही, कारण त्याच्या घरी शिळं खात नाहीत.

रात्री भाच्याला फोन केला, तेव्हा त्यानं राहिलेली माहिती दिली. मंकी मियात 1960च्या दशकात मच्छीमारांनी हौसेनं मासे द्यायला सुरुवात केली. पुढे असं दिसलं की खाऊच्या आशेनं किनाऱ्याशी घुटमळणाऱ्या माद्यांची पिल्लं जास्त मरतात. म्हणून आता ठरावीक माद्यांनाच, रेंजरच्या देखरेखीखाली, सकाळच्या वेळात मोजके मासे मिळतात. त्याच्या व्हिडिओत हे सगळं नव्हतं. व्हिडिओत भाचा होता.

ताम्हिणी घाट आम्ही चारही काचा उघड्या ठेवून, स्वेटर घालून चढलो. बांगडे कर्द्याच्या वाळूत पुरले होते, पण त्यांचं पाणी डिकीच्या गालिच्यानं पिऊन घेतलं होतं. तेव्हापासून गाडी तीनदा धुऊन झाली. फिनेल, कापूर, कॉफीची पूड, शेजाऱ्यांनी सुचवलेला कापलेला कांदा, सगळं झालं. सोसायटीतली मांजरं मात्र आमच्यावर कधी नव्हे इतकं प्रेम करू लागली आहेत.

तरी एक विनंती. गाडी विकणे आहे. एकहाती वापरलेली, कागदपत्रं पूर्ण. पाहण्याची वेळ सकाळी दहा ते बारा. डिकी उघडण्याचा आग्रह धरू नये. चहा मिळेल.