वाढीव दोन इंच

परभणी जिल्ह्यात गतिरोधक दोन जातींचे. एक सरकारी, दुसरे गावकीचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असावा. गावकीच्या गतिरोधकाला असला हिशेब नसतो. ज्याच्या दारापुढं शेळी चेंगरली, त्याच्या रागाएवढी त्याची उंची.

अशाच एका रागावर आमच्या दाजींच्या पिकअपचं पोट घासलं आणि दाजींनी गाडी उचलून घ्यायचं ठरवलं. गाडी जुनी, ओढ फक्त मागच्या दोन चाकांची. पण दाजींनी मोबाइलवर डोंगर चढणाऱ्या चारचाकी ओढीच्या गाड्या पाहिल्या होत्या आणि त्यांच्या मते त्या गाड्यांत आणि आपल्या गाडीत फरक होता तो उंचीचाच. दैठण्याजवळच्या त्यांच्या गावी मला जायचंच होतं. "पाव्हणं, यष्टीत कामून धक्के खाता? गाडीतच चला की," म्हणाले. धक्के एसटीची मक्तेदारी आहे असा तेव्हा माझा समज होता.

परभणीत कमान-पाट्याचं काम करणारे एक चाचा आहेत. आम्ही पोचलो तेव्हा ते एका ट्रकखाली उताणे होते आणि तिथूनच बोलत होते. आपल्याकडे मेकॅनिकचा चेहरा दिसतो तो पैसे देताना. तोवर सगळी बोलणी त्याच्या पायांशी करायची. ट्रकखालून सरकत ते पिकअपखाली आले.

"पाटे बसलेत," पाय म्हणाले. "मेन पाटा चांगला हाय. कमान भरून द्यू, का दोन पाटे वाढवू, का धुऱ्यावर ठोकळा टाकू?"

"तिन्ही करा."

"तिन्ही केलं तर शिडी बी घ्यावी लागंल."

तडजोड पाटे वाढवण्यावर झाली. जुने पाटे सोडवून, ठोकून त्यांना पुन्हा बाक दिला, खाली दोन नवे घातले, सेंटर बोल्ट आवळला, लांब यू-बोल्ट लावले. गाडी खाली उतरवली तर मागून चांगलीच वर आणि पुढून होती तिथंच, पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी. मग पुढचा बंदोबस्त. या गाडीला पुढं टॉर्शन बार. म्हणजे पोलादाची लांब सळई, एक टोक चॅसीला आणि दुसरं चाकाच्या आर्मला. तिचा बोल्ट आवळला की पीळ वाढतो आणि गाडीचं नाक वर येतं. चाचा आवळत गेले. दाजी लग्नात हळद बघावी तसे उकिडवे बसून बघत राहिले.

चाचा मात्र नुसते हातोडीबहाद्दर नव्हते. मागच्या ब्रेकला एक वॉल्व्ह असतो, त्याची दांडी धुऱ्याला जोडलेली. मालानं पाटे दबले की दांडी हलते आणि वॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचं तेल जास्त दाबानं सोडतो. गाडी उंच केली की त्या बिचाऱ्याला वाटतं, गाडी कायम रिकामीच. मग भरल्या गाडीचे मागचे ब्रेकही निम्म्या मनानं लागतात. चाचांनी दांडी नव्यानं जुळवून दिली. "चाकाचं अलाइनमेंट करा अन् लाइट बी सेट करून घ्या," एवढंही सांगितलं. दाजींनी ते पुढच्या महिन्यावर ढकललं.

मी कायद्याचा विषय काढून बघितला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली बजावलं आहे, वगैरे. दाजींनी शांतपणे ऐकलं. "पाटा बदलणं म्हंजी फेरफार न्हाई, दुरुस्ती हाय. फेरफार तलाठी करतो."

गॅरंटी विचारल्यावर चाचांनी हात पुसत आमचंच बिरुद आम्हाला ऐकवलं: बनी तो बनी, नहीं तो परभणी.

निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. वाढवलेले पाटे वजनासाठी असतात आणि आमच्या हौद्यात तेव्हा एक स्टेपनी आणि ताईनं मागवलेली कढई होती. एवढ्या वजनाला पाटे दाद देईनात. रस्त्यावरचा खडा न् खडा थेट मणक्यात येऊन नाव सांगू लागला. कढई मागं एकटीच नाचत होती. नाक वर गेल्यामुळं हेडलाइटनं रस्ता सोडून दिला होता आणि बाभळीच्या शेंड्यांवरची सुगरणीची घरटी मात्र स्वच्छ दिसत होती. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिप्पर मारायचा. "ओळखायलेत आता गाडीला," दाजी म्हणाले. पोखर्णीला नृसिंहाला हात जोडण्यासाठी त्यांनी स्टिअरिंग सोडलं, तर गाडी आपल्या मनानं डावीकडं निघाली. ताई सांगते म्हणून दाजी रात्री गाडी हळू चालवतात. त्या दिवशी ते माझ्याही सांगण्यावरून हळू चालवत होते.

सकाळचा बेत मोठा होता. शेतातल्या गोठ्यातून सोयाबीन भरायचं, गंगाखेडच्या मोंढ्यात घालायचं आणि दाजींच्या आईला जनाबाईचं दर्शन घडवायचं. माय गाडीजवळ आल्या, पायरीकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं. पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर गेली होती. स्टूल आणलं, ते डगमगलं. चौरंग आणला, तर देवाच्या चौरंगावर चप्पल घालून पाय देणार नाही म्हणाल्या. "मी हितंच बसते. तुमी सोयाबीन आना, तवर ही खाली येती का बघू."

त्या काय बोलून गेल्या, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेताची पांदण काळ्या मातीची. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्रींच्या नावाची योजना निघाली. या पांदणीपर्यंत ती अजून चालत यायची होती. आणि परतीचा पाऊस आदल्या आठवड्यात होऊन गेलेला. ही माती उन्हात भेगाळते, पाणी प्याली की फुगते, आणि चाकाला एकदा चिकटली की सोयरीक झाल्यासारखी सोडत नाही. दाजींनी मोठ्या भरवशानं गाडी घातली. शंभरेक पावलांवर मागचं डावं चाक जागच्या जागी गरगर फिरू लागलं, उजवं स्वस्थ. डिफरन्शियलचा स्वभावच तो, जे चाक घसरतंय त्यालाच आणखी ताकद पुरवायची.

दाजी वाकून खाली बघत बराच वेळ राहिले. चॅसी खरोखर दोन इंच वर होती, तिला चिखलाचा थेंब नव्हता. पण धुऱ्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा लोखंडी गोळा पूर्वी होता तिथंच होता, आणि आता तो मातीत रुतला होता. पाटे वाढवले की धुऱ्यावरची गाडी वर जाते. धुरा चाकांना बांधलेला, तो कसा जाणार?

"गोळा वर घ्यायचा तर?" दाजींनी ट्रॅक्टरवाल्या पोराला विचारलं.

"टायर मोठे टाका. पन मंग मीटर कमी स्पीड दाखवंल अन् चढाला गाडी रडंल."

पोरानं ट्रॅक्टरनं ओढायचा भाव सांगितला आणि दाजींचा तंत्रज्ञानावरचा विश्वास परत आला. मागच्या चाकांवर वजन पडलं तर ती माती धरतील, हे त्यांनीच सुचवलं. दोन गडी, बैलगाडी आणि अनिच्छेनं मी असे मिळून आम्ही सोयाबीनची पोती गोठ्यातून तिथंच आणून हौद्यात रचली. दर पोत्यागणिक पाटे दबत गेले. चाकांखाली पऱ्हाट्या घातल्या, दोन हिसक्यांत गाडी निघाली.

घरापुढं आली तेव्हा मायनी पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचा हात न धरता आत जाऊन बसल्या. "आता बरी केली," म्हणाल्या.

मोंढ्यात मात्र हमालांचा मुकादम गाडीभोवती एक फेरी मारून आला. सुरुवातीची पोती भराभर उतरली. मग गडी टाचा उंचावू लागले, कारण पोतं उतरलं की हौदा वर. शेवटच्या थराला दोघांनी पाठ द्यायचं नाकारलं.

"मालक, ही गाडी पळायलीय वर," मुकादम म्हणाला. "खालच्या थराची हमाली येगळी पडंल."

दाजी भांडायच्या तयारीनं उतरू लागले आणि पायरी पुन्हा लांब गेल्यामुळं जरा जास्तच वेगानं उतरले.

"चहा सांगा," उभे राहत ते म्हणाले. "हमालीचं मंग बोलू."