बिनहुकमाचे गृहमंत्री

ब्रिटनमध्ये एक गृहमंत्री सरकारचा असतो आणि एक विरोधी पक्षाचा. या दुसऱ्याला ‘शॅडो होम सेक्रेटरी’ म्हणतात. हाताखाली पोलीस नाहीत, मार्शम स्ट्रीटवरची कचेरी नाही, मंत्र्याचा पगार नाही. खासदारकीच्या वेतनात देशाची कायदा-सुव्यवस्था सांभाळायची, तीही तोंडाने. दंगल झाली की टीव्हीवाले मंत्र्याला विचारतात, ‘काय करताय?’ आणि याला, ‘तुम्ही काय केलं असतं?’ मला हा दुसरा प्रश्न फार आवडतो. त्याचं उत्तर चुकलं तरी कुणाचा पासपोर्ट अडत नाही.

टोनी ब्लेअर १९९२ ते ९४ याच जागी होते. गुन्ह्यावरही कडक, गुन्ह्याच्या कारणांवरही कडक, ही घोषणा त्यांना तिथेच गवसली आणि पुढे पंतप्रधानपदापर्यंत पुरली.

सगळ्यांचंच असं जमत नाही. २००० साली हुजूर पक्षाच्या अधिवेशनात ॲन विडकोम्ब बाईंनी जाहीर केलं की गांजा बाळगताना कुणी सापडला, भले चिमूटभर असो, की १०० पौंड दंड. टाळ्या पडल्या. मग काही दिवसांतच बाईंच्याच बाकावरचे सहकारी एकेक करून सांगू लागले की, तरुणपणी आम्हीही ओढला होता बरं का! मागील बाकी धरून वसुली केली असती तर खजिन्यात बरी भर पडली असती.

या खुर्चीवरून नुसतं बोलणं ज्यांना पुरलं नाही असे गृहस्थ म्हणजे डेव्हिड डेव्हिस. दहशतवादाच्या संशयितांना आरोपपत्राविना २८ ऐवजी ४२ दिवस कोठडीत ठेवण्याचा प्रस्ताव जून २००८ मध्ये अवघ्या नऊ मतांनी मंजूर झाला. दुसऱ्याच दिवशी डेव्हिसांनी खासदारकीच सोडली आणि याच मुद्द्यावर पोटनिवडणूक लढायला उभे राहिले. पण सत्ताधारी मजूर पक्षाने उमेदवारच दिला नाही! ज्यांच्याशी भांडायचं तेच घरी. रिंगणात मात्र २६ जण होते, त्यांत ‘मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी’ नावाचा, वेडेपणाच ज्याचा जाहीरनामा असा पक्षही. डेव्हिस आरामात जिंकले.

ऑक्टोबरात लॉर्ड्स सभागृहाने ते ४२ दिवस प्रचंड मतांनी फेटाळले आणि सरकारने प्रस्ताव गुंडाळला. डेव्हिस तेव्हा मागच्या बाकावर होते. त्यांच्या जागी डोमिनिक ग्रीव्ह यांची नेमणूक जूनमध्येच होऊन गेली होती.