आधी स्लॅब, मग पाया

चांदूर रेल्वेच्या माणसाला तिकिटाच्या खिडकीवर हमखास विचारतात, "रेल्वे का बाजार?" अमरावती जिल्ह्यात चांदुरं दोन. आमच्याकडे गाडी थांबते म्हणून आम्ही रेल्वे, ते बाजार. आता नरखेडच्या लाइनवर बाजारलाही स्टेशन झालं, आणि बाजार तर आमच्याकडे होताच. तरी नावं तीच आहेत आणि खुलासाही आम्हीच करायचा.

यंदा हा खुलासा करून मी आणि मामा जळगावला निघालो, अजिंठा पाहायला. खरं तर मामींनी त्यांना बाहेर काढलं होतं. मामांनी घराचं बांधकाम काढलं, स्लॅब टाकून झाला आणि मिस्त्री बेपत्ता झाला. मामा रोज सकाळी उघड्या सळया मोजायचे. "सळया काही पळून नाही चालल्या," मामी म्हणाल्या, "तुम्ही जरा फिरून या."

सोमवारी लेणी बंद असतात, हे आम्हाला सोमवारीच कळलं. तो दिवस जळगावात भरीत आणि केळी खाण्यात गेला. त्याबद्दल तक्रार नाही.

मंगळवारी फर्दापूर. पायऱ्यांशी डोलीवाले मागे लागले. मामांचे गुडघे दुखरे, पण ते म्हणाले, "चार मानसाच्या खांद्यावर जाची एवढी काय घाई हाय?" आणि हाशहुश करत चढले.

वळण घेतलं आणि वाघूर नदीची ती घोड्याच्या नालासारखी दरी समोर आली. पंचाहत्तर मीटरचा उभा काळा कडा आणि त्याच्या पोटात ओळीनं तीस लेणी. मामा गप्प झाले. इतका वेळ गप्प ते फक्त मिस्त्रीचा फोन वाजत असतानाच असतात. मग हळूच म्हणाले, "सेंटरिंग कुठं लावलं असन रे?"

गाइड हसला. सेंटरिंग नाही, विटा नाहीत, चुना नाही. आधी वर छत कोरायचं, मग खाली खाली उतरत यायचं. खांबसुद्धा उभे केलेले नाहीत. भोवतीचा दगड काढला आणि खांब तेवढे ठेवले.

"म्हंजे आधी स्लॅब, मंग पाया!" मामा पायरीवरच टेकले. "अन् एखादा खांब चुकून उडाला त?"

"तर काय, उडाला," गाइड म्हणाला.

बारा नंबरच्या लेण्यात मामांचा जीव रमला. दोन हजार वर्षांहून जुना विहार. भिक्खू पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचे, त्यांच्यासाठी तीन बाजूंना चार-चार खोल्या, आणि दर खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे झोपायला. मामांनी वितीनं ओटा मापला. मापता मापता नीट अंदाज यावा म्हणून अर्धे आडवे झाले, तेवढ्यात चौकीदाराची शिट्टी वाजली. "माप घेत होतो ना भाऊ," मामा उठत म्हणाले. बाहेर आल्यावर माझ्या कानात बोलले, "बारा बेडरूम, अन् मोरी एकही नाही. नकाशा पास झाला नसता."

दहा नंबरमध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 28 एप्रिल 1819 रोजी बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली आहे. वाघाच्या शिकारीला आला होता आणि लेणं सापडलं. पायाखाली दगडमातीचा ढीग होता, म्हणून नाव डोक्याच्या वर आहे. "पोट्टे किल्ल्यावर नावं लिहितात त आपन उगाच त्यायले बोलतो," मामा म्हणाले.

सोळा नंबरपाशी मात्र त्यांची छाती फुगली. हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात कोरवलं. बाहेरच्या भिंतीवर तसा शिलालेखच आहे. या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या वऱ्हाडातलं वाशीम.

"म्हंजे पैसा वऱ्हाडाचा!" मामांनी एवढ्या जोरात सांगितलं की एक जपानी बाई दचकून बाजूला झाली. पुढं चोविसाव्या लेण्यापर्यंत ते घरमालकाच्या चालीनं चालले.

चोवीस नंबर अर्धवट आहे. पूर्ण झालं असतं तर इथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. आत जमिनीवर दगड तसाच उंचसखल, खांब ओबडधोबड, छिन्नीचे घाव उघडे. वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन अभ्यासक आयुष्यभर अजिंठ्यामागे लागले होते. त्यांचं म्हणणं, हरिषेण गेला, राज्य गडबडलं आणि कामं जागच्या जागी थांबली.

मामा खूप वेळ ते घाव पाहत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"कोणाला लावता?"

"मिस्त्रीले. म्हनतो, तुह्याआधीही एक पळाला होता, पंधराशे वर्षं झाली, लोकं अजून तिकीट काढून पाह्यतात."

दरीत रेंज नव्हती.

तुम्हाला अजिंठ्याला जायचं असेल तर सोमवार टाळा. घराचं काम अर्धवट असेल तर बाकीचे सहा दिवसही टाळा.