मुक्काम पोस्ट लॅटिन

लॅटिन ही मृत भाषा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला यावं. तिथे 'अजेंडा' असतो, 'ॲड हॉक' समिती असते आणि 'कोरम' तर नसतोच, म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते. नोटिशीत वेळ साडेपाचची आणि तळाला बारीक अक्षरात 'गणसंख्येअभावी सहा वाजता त्याच ठिकाणी', त्यामुळे झाडून सगळे सहालाच येतात. शाळेच्या ऑफिसात 'बोनाफाईड' मिळतं, तहसील कचेरीबाहेर छत्रीखाली बसलेला टायपिस्ट 'ॲफिडेव्हिट' करून देतो. एवढं लॅटिन खुद्द रोममध्येही आता कुणी बोलत नसेल.

मी पेशानं मुद्रितशोधक आणि ताईचे यजमान जिल्हा कोर्टात वकील. त्यामुळे आमच्या घराण्यात ही भाषा दोन्ही बाजूंनी शिरली. दाजींचं लॅटिन बाररूमच्या चहावर वाढलेलं आहे. न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली की त्याला ते 'सुमोटो' म्हणतात. मुळात ते 'सुओ मोटू' आहे हे मी एकदा सुचवून पाहिलं. "भाऊराव, जजसाहेबपण सुमोटोच म्हणतात," एवढ्यावर त्यांनी माझा अर्ज निकाली काढला. त्यांच्या एका अशिलाला कळलं की आपल्या दाव्यात 'एक्स पार्टी' झाली. आपल्याला न बोलावता पार्टी उरकली, असा त्यानं अर्थ घेतला आणि तो रुसला. मला विचाराल तर त्याला कायदा बरोबर कळला होता.

गंमत म्हणजे ज्या इंग्रजांनी हे सामान आपल्याकडे उतरवलं, त्यांनी घरचं कधीच विकून टाकलं. इंग्लंडमध्ये लॉर्ड वूल्फ यांच्या सुधारणा झाल्या आणि २६ एप्रिल १९९९ पासून दिवाणी कामकाजाचे नवे नियम आले. 'एक्स पार्टी'च्या जागी 'नोटीस न देता', 'इन कॅमेरा'च्या जागी 'खासगीत', 'सबपीना'च्या जागी 'साक्षीदाराचं समन्स', असं सगळं साध्या इंग्रजीत आलं. दाजींना हे सांगितलं तेव्हा ते घाबरलेच. "अहो, मग आपण नुसती तारीख मागतोय हे अशिलाला कळेल की!"

आपल्याकडे भाषाशुद्धीचा हा उद्योग सतराव्या शतकातच होऊन गेला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी पोलिसांच्या पंचनाम्यात 'सदर इसम' आणि 'मजकूर' आजही जागच्या जागी आहेत. राज्यघटनेच्या बत्तिसाव्या अनुच्छेदातल्या रिटांनाही मराठी नावं आहेत: देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण. 'प्राकर्षण' तीनदा म्हणून बघा, 'सर्शिओरारी' एकदम माहेरची वाटायला लागते.

यातल्या देहोपस्थितीची, म्हणजे 'हेबियस'ची, मात्र मी थट्टा करत नाही. पोरगी पळून गेली की बाप हायकोर्टात 'हेबियस टाकतो' हे खरं. पण आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी अटकेविरुद्ध दाद मागायचं हे दारसुद्धा बंद ठेवलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले आणि पुढे त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. तो निकाल रीतसर पुसला जायला २०१७ साल उजाडलं.

आता माझं खातं. संपादनातलं लॅटिन आखूड असतं आणि कोर्टातल्यापेक्षा जास्त लागतं. 'सिक' घ्या. दुसऱ्याच्या अवतरणातली चूक तशीच ठेवायची आणि शेजारी कंसात 'सिक' लिहायचं, म्हणजे 'गाढव मी नाही, तो आहे' हे सभ्यपणे सांगून होतं. मराठीत आपण 'मूळबरहुकूम' लिहितो, पण त्यात तेवढा विखार नाही. 'इबिड', म्हणजे आपलं 'तत्रैव', हे तर प्रबंधलेखकांचं लाडकं. शेवटच्या प्रुफात मार्गदर्शकांना एक नवी तळटीप सुचते, ती मध्येच घुसते आणि तिच्याखालचं 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं. आख्खी पीएच.डी. अशी शेजारच्या ग्रंथावर उभी राहिलेली मी पाहिली आहे.

आणि 'विझ'! इंग्रजी मसुद्यात 'म्हणजेच' या अर्थानं येतं ते. त्यातला झेड हा झेडच नाही. जुने लहिये शब्द आखडताना शेवटी तीनच्या आकड्यासारखी एक खूण काढत. छापखान्यात तसला खिळा नव्हता, म्हणून जुळाऱ्यांनी त्यातल्या त्यात दिसायला जवळचा झेड बसवला. शेकडो वर्षं तो तिथेच आहे आणि एकाही मुद्रितशोधकानं त्याला हात लावलेला नाही.

आमचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे 'स्टेट'. खोडलेलं पुन्हा राहू द्यायचं असेल तर शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात हे लिहायचं. मी सरळ 'जैसे थे' लिहितो. कोर्टाच्या स्टेटस को आदेशाला वर्तमानपत्रं हेच म्हणतात. दाजींचं आणि माझं एकमत होतं ते एवढ्या एका शब्दावर.

वाचकहो, तुमच्यावर कोर्टाची पायरी चढायची वेळ न येवो. आलीच, आणि आत कुणी 'साइन डाय' म्हणालं, तर सही कुठे करायची म्हणून पेन काढू नका. काम बेमुदत तहकूब झालेलं असतं. गावाकडची एसटी किती वाजता आहे ते बघा.