सामाईक विहीर

आमच्या गावाकडची जमीन आजोबा आणि चुलत आजोबांत वाटली गेली तेव्हा आंब्याची झाडंसुद्धा मोजून वाटली. विहिरीचे मात्र दोन तुकडे करता येईनात. ती सातबाऱ्यावर सामाईक राहिली. सोमवार ते बुधवार पाणी आमचं, गुरुवार ते शनिवार त्यांचं आणि रविवारी भांडण.

हे सगळं आठवायचं कारण माझं टेबल. त्यावर कॉम्प्युटर दोन. एक कंपनीचा लॅपटॉप; त्यावर घरचं काही करायचं नाही अशी सक्त ताकीद. दुसरा घरचा डेस्कटॉप. त्यावर ऑफिसचं काही करायची माझीच इच्छा नाही. दोघांना वेगवेगळा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस मांडला, तर चहाचा कप ठेवायला जागा उरेना. बायको म्हणाली, "अहो, कप डोक्यावर घ्या."

म्हणून तपकीर गल्लीत जाऊन केव्हीएम स्विच आणला. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, एम म्हणजे माऊस. वस्तू साबणाच्या वडीएवढी. तिच्यात शिरणाऱ्या वायरी मात्र अशा जाडजूड, की त्यांच्या ओढीने ती सारखी उलटते आणि मांजरासारखी पाय वर करून पडून राहते. कोणता कॉम्प्युटर चालू आहे ते सांगणारे दोन दिवे तिच्यावर आहेत. ते तेव्हा टेबलाच्या सनमायकाला उजेड दाखवत असतात.

या यंत्राबद्दल नेटवर शोधायला जावं तर लिनक्समधलं दुसरंच केव्हीएम समोर येतं. ते एका कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर असल्याचा भास निर्माण करतं. माझे दोनच मला आवरत नव्हते.

पाळी बदलायची तर स्क्रोल लॉक दोनदा पटापट दाबायचं. स्क्रोल लॉक ही १९८१ सालच्या आयबीएम पीसीपासून कीबोर्डावर बसून असलेली कळ. एकत्र कुटुंबात एक काका असतात. ते काय करतात कुणालाच माहीत नसतं, पण पंगतीत त्यांचं पान असतंच. तसं तिचं. अशा काकांच्या हाती एकदम विहिरीची मोटार आली. त्यात तिला राग फार. घाईत दोनाऐवजी तीनदा दाबली गेली, तर एक्सेलमध्ये बाणाच्या कळा चौकट सोडून अख्खा कागदच सरकवायला लागतात आणि मी तासभर हिशेबाच्या मागे धावत सुटतो.

पाळी बदलताना स्क्रीन तीन-चार सेकंद काळा होतो. तेवढ्यात त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. तो न दिसला तर बरं. तिकडे ज्याची पाळी संपली त्या कॉम्प्युटरला वाटतं, मॉनिटर घर सोडून गेला. कारण मॉनिटर जोडला की तो आधी आपली कुंडली पाठवतो: मी कोण, माझी रुंदी-उंची किती. मूळ कुंडली अवघ्या १२८ बाइटांची. चांगले, महागडे स्विच तिची नक्कल जवळ ठेवतात आणि कॉम्प्युटरला गेलेल्याचा पत्ता लागू देत नाहीत. माझा स्विच स्वस्तातला, म्हणून प्रामाणिक. परत यावं तर सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेल्या, सुतकात बसल्यासारख्या.

हे सगळं चाललं असतं. पण मी टाइप करताना खाली कळांकडे बघतो. एकदा स्क्रोल लॉक बहुधा सावकाश दाबलं गेलं. पाळी बदललीच नाही. मी मान खाली घालून बायकोला सविस्तर लिहिलं, की दळण आणायला मी जाणार नाही, गेल्या वेळी मीच गेलो होतो, आणि कालच्या आमटीत मीठ नव्हतं. एंटर मारून वर पाहिलं. उत्तर आमच्या नागपूरच्या साहेबांचं आलं होतं : "दोन्ही मुद्द्यांची नोंद घेतली. दळणाबाबत कळवतो."

बायको हसून झाल्यावर म्हणाली, "तुमच्या आजोबांनी काय केलं होतं?" आजोबांनी विहिरीवर फडकं ठेवलं होतं. आमची पाळी असली की ते स्टार्टरच्या पेटीला बांधायचं, संपली की चुलत आजोबांच्या हातात द्यायचं. तिने कपाळावरची लाल टिकली काढली आणि मॉनिटरच्या डाव्या कडेला लावली. टिकली डावीकडे असली की ऑफिस, उजवीकडे असली की घर. बदल केला की हाताने टिकली बदलायची.

सांगायला लाज वाटते, पण दोन हजारांच्या स्विचला जे जमलं नाही ते पंचवीस पैशांच्या टिकलीने करून दाखवलं. आठवडाभर एकही घोळ नाही.

परवा मात्र टिकली उचलली आणि नेमका फोन वाजला. एका हातात फोन, दुसऱ्यात चहा. टिकली कुठे ठेवायची? बायका ठेवतात तिथेच ठेवली असावी. फोन संपला, मीटिंग सुरू झाली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात मी दहा मिनिटं गंभीरपणे तिमाहीचे आकडे सांगितले. मध्येच साहेब आदबीने म्हणाले, "आज घरी काही कार्य आहे का?"