नावाला कंस

मानोऱ्यात कोण काय करतो हे एका शब्दात सांगता यावं लागतं. मास्तर, कंडक्टर, कंपाउंडर, सोसायटीचा सचिव, कृषी केंद्रवाला. एका शब्दात जो बसत नाही तो रिकामा, असं गाव धरून चालतं. माझं काम एका शब्दात बसत नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मोठा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा ताफा, आहे. त्यावर कुणाला खातं द्यायचं, कुणाला किती कोअर, किती मेमरी, किती तास, किती जागा द्यायची, आणि कुणी निघून गेलं की त्याचं खातं कसं मिटवायचं, एवढंच मी करतो. वर्षातले बरेच दिवस हे मी मानोऱ्यातल्या माडीवरून करतो. मशीन पुण्यात, मी इथं, मध्ये मोबाइलचा हॉटस्पॉट. लाइट गेली की माझा पडदा काळा होतो आणि तिकडे पुण्यात कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे ज्ञान संतांना साधनेनं होत असेल, मला आठवड्यातून दोनदा फुकट होतं.

'सुपरकॉम्प्युटर' म्हटलं की लोक मोबाइल दुरुस्तीला आणून देतात. त्यांचा दोष नाही. खरं तर या बाबतीत आमच्या भागानं थोडी ऐट करायला हरकत नाही. कारंजा ओलांडून मूर्तिजापूर तालुक्यात शिरलं की मुरंबा नावाचं गाव आहे. डॉ. विजय भटकर तिथले. 1988 साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली, ते तिचे प्रमुख झाले, आणि 1991 साली 'परम 8000' तयार झाला. अमेरिकेनं आपल्याला हवा तो मोठा क्रे संगणक द्यायला नकार दिल्यावर आपला आपण केलेला हा संगणक. तेव्हापासून पुण्यात या मशिनींची वस्ती वाढतच गेली. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 2018 साली 'प्रत्युष' आला, 2024 साली 'अर्का'. अर्काची ताकद 11.77 पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला एकावर सोळा शून्यं ठेवली तरी पुरणार नाहीत इतक्या आकडेमोडी. 2025च्या मे महिन्यापासून पावसाचा अंदाज सहा किलोमीटरच्या चौकटीत काढतात, पूर्वी ती चौकट बारा किलोमीटरची होती. हे मी घरी कौतुकानं सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हंजे साझे लहान केले. चांगलं केलं. एका पटवाऱ्याच्यानं इतकी गावं होतच नोयती."

बाबा पटवारी होते. सरकारी कागदावर तलाठी, आणि आता तर त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आमच्याकडे पटवारी तो पटवारीच. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुणाचंही नाव ऐकलं की त्यांच्या डोक्यात आधी गट नंबर येतो. माझ्या कामाबद्दल गावात सगळ्यांनी पगार विचारला. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "कोणाच्या नावावर हाय ते?"

हा प्रश्न बरोबर होता, कारण क्लस्टरवर आधी काही नावावर असावं लागतं. वर संस्थेचं मूळ खातं, त्याखाली विभागांची, त्याखाली एकेका प्राध्यापकाचं, आणि प्राध्यापकाच्या खात्याखाली त्याचे विद्यार्थी. विद्यार्थी कितीही हुशार असला तरी तो स्वतंत्र खातेदार होत नाही, प्राध्यापकाची सही लागते. त्यानं जाळलेले कोअर-तास प्राध्यापकाच्या नावावर पडतात. मी पडद्यावर हे झाड उघडून दाखवलं. बाबांनी चष्मा पुसला, खालून वरपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "आठ-अ होय हा." मग बोट एका नावावर ठेवलं. "हा दोन जागी कसा?" तो विद्यार्थी खरंच दोन प्राध्यापकांकडे काम करत होता. पहिल्या पाहणीत ते सापडलं, तेव्हापासून माडीवर त्यांची एक खुर्ची कायमची आली.

मागणीअर्ज हा माझ्या आयुष्यातला करमणुकीचा भाग. अर्जात कुणी गरज लिहीत नाही, भीती लिहितो. चार तासांच्या कामाला चार दिवस मागतात, कारण मुदत संपली की काम जागेवर मारलं जातं. आठ जीबी मेमरी पुरत असताना दोनशे मागतात, कारण मागच्या वर्षी कुणाचं तरी काम मेमरी संपून पडलं होतं आणि ती गोष्ट वसतिगृहात अजून सांगितली जाते. एक जण एकाच कोअरवर चालणारा प्रोग्रॅम लिहितो आणि अठ्ठेचाळीस कोअर अडवून ठेवतो. उरलेले सत्तेचाळीस रात्रभर काहीही न करता गरम होत राहतात. आणि हिशेब वापराचा होत नाही, अडवल्याचा होतो. अठ्ठेचाळीस कोअर बारा तास नावावर होते ना, मग तेवढे तास खात्यातून गेले.

"पडीक ठेवलं तरी साऱ्यात सूट नाही," बाबा म्हणाले. "पीकपाहणी कोण करते?"

पीकपाहणी असते. काम संपलं की एका आज्ञेत कळतं, किती कोअर मागितले आणि त्यांतले किती खरंच राबले, किती मेमरी घेतली आणि किती लागली. शेकडा दोन अशा आकड्याचा तो उतारा मी संबंधिताला पाठवतो, अगदी नम्रपणे. उत्तरं ठरलेली. 'पुढच्या वेळी पाहतो.' बाबांना हे उत्तर पाठ आहे. 2021पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून आपल्याच पिकाचा फोटो आपणच टाकायचा, तसं काही तुझ्या मशिनीत करता येईल का, असं त्यांनी विचारलं. सुचवणी चांगली आहे. पण संशोधकाला स्वतःच्या पडिकाचा फोटो काढायला सांगणं मला अजून जमलेलं नाही.

गंमत अशी की जो खरं मागतो त्याचा फायदाच होतो. रांग लावणारा जो प्रोग्रॅम आहे, स्लर्म, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेला, तो मोठ्या कामासाठी जागा साठवत असतो. साठवत असताना मध्ये काही कोअर दोन तास, तीन तास मोकळे दिसतात. त्या फटीत बसेल असं छोटं काम रांगेत मागं असलं तरी तो उचलतो आणि पुढं घालतो. मोठ्या कामाला एक मिनिटही उशीर होत नाही. पण यासाठी आपलं काम दोन तासांचं आहे हे त्याला कळायला हवं. सगळ्यांनीच चार दिवस लिहिले तर फट दिसते आणि बसायला कुणी नसतं. हे मी दर सहा महिन्यांनी नव्या विद्यार्थ्यांना समजावतो. माना डोलतात. संध्याकाळी सगळे चार दिवस लिहितात.

एवढ्यापर्यंत बाबांचं आणि स्लर्मचं जमलं होतं. बिनसलं ते पुढच्या नियमावरून.

ज्यानं अलीकडे जास्त वापरलं त्याचा नंबर मागं, ज्यानं कमी वापरलं त्याचा पुढं. इथवर ठीक. पण जुना वापर किती मोजायचा? स्लर्ममध्ये यासाठी अर्धायुष्य असतं आणि कुणी बदललं नाही तर ते सात दिवसांचं असतं. आज एक हजार तास खाल्ले तर आठवड्यानं ते पाचशे धरले जातात, दोन आठवड्यांनी अडीचशे, चार आठवड्यांनी साठच्या आसपास. दिवाळीआधी अख्खा क्लस्टर बळकावून बसलेला गट देवदिवाळीपर्यंत जवळजवळ सोवळा झालेला असतो.

बाबा हे ऐकून गप्प बसले. गप्प म्हणजे रागावून. ज्या माणसानं आजोबांच्या काळातला फेरफार पणतवासमोर काढून दाखवला, बांधाचा हात-दोन हात सरकलेला दगड पन्नास वर्षांनीही कुणी सरकवला ते दफ्तरातून सांगितलं, त्याला 'आठवड्यानं अर्धं विसरायचं' हे नोंदवहीचं तत्त्व कसं पटावं? "मंग रेकॉर्ड ठेवता कायले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की रेकॉर्ड सगळं राहतं, कोणतं काम कधी लागलं, किती वेळ चाललं, एकही ओळ पुसली जात नाही. फक्त नंबर लावताना जुनं हळूहळू हलकं होत जातं. "म्हंजे ठावं हाय, पण धरत नाही?" "हो." त्यांनी थोडा विचार केला. "आपल्या भाऊबंदकीत हे जमलं असतं तं तहसीलीत निम्मे लोक आले नसते," म्हणाले, आणि चहा प्यायला खाली गेले. नियम मात्र त्यांना अजून मान्य नाही. मला विचाराल तर सात दिवस मलाही थोडे घाईचे वाटतात. आमच्याकडे मी ते वाढवून घेतलेत.

जागेचा प्रश्न वेगळा. प्रत्येकाला घर-फोल्डर मिळतं, त्याला मर्यादा. पहिली मर्यादा ओलांडली की ताकीद आणि काही दिवसांची सवलत, दुसरी ओलांडता येतच नाही. एका विद्यार्थ्याची तक्रार आली की जागा अर्धी रिकामी आहे तरी एक ओळ लिहू देत नाही. पाहिलं तर त्यानं पायथनची पाच-सहा वेगवेगळी बिऱ्हाडं थाटली होती आणि प्रत्येकात छोट्या छोट्या हजारो फायली. जागा थोडी, पण फायलींची संख्या काही लाख. आणि मर्यादा जशी आकारमानाला असते तशी संख्येलाही असते, कारण प्रत्येक फाइल, मग ती चार अक्षरांची का असेना, नोंदवहीत एक ओळ अडवते. बाबांना हे सांगावंच लागलं नाही. "तुकडेबंदी," ते म्हणाले. 1947चा कायदा त्यांना कलमासकट येतो. मी त्या विद्यार्थ्याला सगळ्या फायलींची एक मोट बांधायला सांगितली, बाबांनी त्याला एकत्रीकरण म्हटलं.

खरी अडचण येते माणूस गेल्यावर. गेल्यावर म्हणजे पीएचडी होऊन जर्मनीला वगैरे. जाणारा जाताना मिठाई वाटतो, चावी देतो, वाचनालयाची पुस्तकं परत करतो, आणि क्लस्टरवरचं खातं तसंच सोडून जातो. पासवर्ड बंद केला म्हणजे खातं बंद झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. त्यानं कधीकाळी लॅपटॉपवरून येण्यासाठी एक डिजिटल किल्ली ठेवलेली असते, पासवर्डला कुलूप घातलं तरी ती किल्ली चालू शकते. समोरचं दार लावलं, मागचं उघडं. म्हणून खात्याला शेवटची तारीख घालावी लागते, मग कोणतीच किल्ली लागत नाही.

आणि खातं पुसून टाकावं तर त्याहून वाईट. लिनक्स मालकाचं नाव लक्षात ठेवत नाही, नंबर ठेवतो. फायलीवर लिहिलेलं असतं 5127. नाव पुसलं तरी फायली राहतात, त्यांच्यावर मालक म्हणून नुसता 5127. उद्या नव्या मुलाला तोच नंबर दिला, तर तो पहिल्याच दिवशी कुणा अनोळखी माणसाच्या पाच वर्षांच्या संशोधनाचा कायदेशीर मालक होऊन बसतो. वाचू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. त्याला कळतही नाही. म्हणून एकदा दिलेला नंबर पुन्हा द्यायचा नाही, नाव खोडायचं नाही, फक्त निष्क्रिय करून ठेवायचं. स्लर्मचं दफ्तरही हेच करतं. ज्यानं एकही काम चालवलं त्याचं नाव तिथून 'काढलं' तरी नोंद राहते, फक्त तिच्यावर काढल्याची खूण होते.

हे ऐकताना बाबा पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकले. सातबारावर मालक बदलला की जुनं नाव खोडत नसत. त्याला कंस करत. गोल कंसात आत नाव, खाली नवं नाव, शेजारी फेरफाराचा नंबर. एकाखाली एक कंस असलेले उतारे त्यांनी आयुष्यभर लिहिले होते, बोरूसारख्या टोकदार अक्षरात. "कंस करून ठेवजो," ते म्हणाले. "खोडलं का भांडण लागते." मग जरा थांबून, "पन वारस कोन लावला?"

वारस कुणी लावलेला नव्हता. जगातल्या बहुतेक क्लस्टरांवर लावलेला नसतो. विद्यार्थी गेला तर फायली प्राध्यापकाकडे जाव्यात असा समज असतो, आणि प्राध्यापकच निवृत्त झाला तर समजही संपतो. मग टेराबाइटच्या टेराबाइट माहिती कंसातल्या नावावर पडून राहते. पुसायची कुणाची छाती होत नाही, वापरायचा कुणाला हक्क नसतो. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर रकाने आखून दिले: खातेदार, हुद्दा, कोणाच्या खात्याखाली, मुदत, वारस, वारसाचा ईमेल. सही आणि तारीख शेवटी. मी ते रकाने नव्या अर्जात जसेच्या तसे घातले. बैठकीत कुणी हरकत घेतली नाही, उलट एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले की हे आधीच व्हायला हवं होतं.

नव्या नमुन्यातला पहिला अर्ज प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या एका मुलीचा आला. सगळं नीट भरलेलं, तासही बेतानं मागितलेले. वारसाच्या रकान्यात लिहिलं होतं: आई. ईमेलच्या रकान्यात आईचा व्हॉट्सॲप नंबर.

मी बाबांना दाखवलं आणि विचारलं, आता काय करू, परत पाठवू?

"परत कायले?" बाबा म्हणाले. "नोटीस काढ. पंधरा दिवस थांब. हरकत आली नाही तं घे मंजूर."