कोणाचे कोड पुरवायचे?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नवं ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर पॅकेज, घ्यायचं ठरलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम मी वीस वर्षं करतो आहे, म्हणून मालकांनी बैठकीला बोलावलं. टेबलावर चार पानी यादी होती: पॅकेजात आमच्यासाठी खास करून हवेत ते बदल. एकूण एकेचाळीस. मी प्रत्येक मागणीपुढे एकच प्रश्न विचारत गेलो. हे नाही केलं तर गिऱ्हाईक ओरडेल, की आपल्याच ऑफिसातलं कोणी?

तिसाहून अधिक वेळा उत्तर आलं, ऑफिसातलं. बिलाचा नमुना थोरल्या मालकांच्या वेळच्या छापील पुस्तकासारखाच हवा. आवक रजिस्टरात रकाने ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने पडद्यावर दिसले पाहिजेत. गेटपासवर चार मंजुऱ्या हव्यात, कारण कंपनीत साहेब चार आहेत. या सवयी आहेत. त्यांच्यासाठी पैसे मोजून कोड लिहून घेणं म्हणजे उधळपट्टी, आणि हे मी मालकांसमोर तसंच बोलून दाखवलं.

सवय मोठ्यांनाही सुटत नाही. जर्मनीच्या लिडल या दुकान-साखळीने 2011 मध्ये सॅपची प्रणाली बसवायला घेतली. त्या पॅकेजात दुकानातल्या मालाचं मोल विक्रीदराने धरलं जाई, लिडल ते खरेदीदराने धरत आली होती. कंपनी आपली रीत बदलायला तयार झाली नाही, पॅकेज वाकवायला बसली. कारणं आणखीही होती, पण गुंता इथून वाढत गेला. जुलै 2018 मध्ये प्रकल्प गुंडाळला, तेव्हा सुमारे 50 कोटी युरो खर्ची पडले होते. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम नगर परिषदेने एप्रिल 2022 मध्ये ओरॅकलची प्रणाली सुरू केली, तीही आपल्या जुन्या पद्धतींना जुळवून. बँकेत आलेला पैसा कोणत्या खात्यातला, हे लावणारा भाग खास बनवून घेतलेला होता, आणि तोच कोलमडला. सुरुवातीचा अंदाज सुमारे 2 कोटी पौंडांचा. तो 10 कोटींच्या पुढे गेला. शेवटी परिषदेने मूळ पॅकेज आहे तसं पुन्हा बसवायचं ठरवलं. तोच निर्णय पहिल्या दिवशी घेता आला असता.

म्हणून काहीच बदलू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. फौंड्रीतच बघा. भट्टीत शंभर किलो धातू वितळवला, तर हातात कास्टिंग येतं साठ-पासष्ट किलो. बाकीचा बराच धातू रनर-रायझरमध्ये जातो, तो तोडून पुन्हा भट्टीत पडतो. साध्या व्यापारी पॅकेजाला हे फिरतं लोखंड कळत नाही. ते एक तर पस्तीस किलो तूट दाखवतं, नाही तर तेच लोखंड दोनदा मोजतं. मग किलोमागचा खर्च चुकतो, चुकलेल्या खर्चावर दर दिला जातो, आणि वर्षभर ऑर्डरी भरपूर असूनही पैसा कुठे गेला ते कोणाला सांगता येत नाही. अशी कारखानदारी मी जवळून पाहिली आहे. इथे बदल करा, आणि चांगला माणूस लावून करा.

हीट नंबरचंही, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला दिलेल्या क्रमांकाचंही, तेच. सहा महिन्यांनी गाड्यांच्या कंपनीकडून निरोप येतो, तुमचं कास्टिंग तडकलं. ते कोणत्या दिवशीच्या कोणत्या हीटमधलं, त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट काय होता, त्याच हीटचे आणखी किती नग कोणाकोणाकडे गेले? हे दहा मिनिटांत सांगता आलं, तर दोनशे नग परत येतात. नाही सांगता आलं, तर अख्ख्या महिन्याचा माल परत येतो. भट्टीपासून बिलापर्यंत हीट नंबर चालत जाणं, ही या धंद्याची गरज आहे.

जॉबवर्कचा मुद्दाही यादीत होता. मशिनिंगला बाहेर पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरून जीएसटी लागतो. काळजी रास्त होती. पण जॉबवर्कची सोय टॅलीतसुद्धा आहे, नव्या पॅकेजातही होती. सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करायची होती, एवढंच. त्यासाठी सव्वा लाखाचं कोटेशन आलं होतं, आणि ते मला संतापजनक वाटलं. आहे ते आधी उघडून दाखवणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे.

एका मागणीवर मी चर्चाच होऊ दिली नाही. जुनी नोंद मागाहून बदलता यावी, आणि बदलल्याची खूण राहू नये, अशी ती मागणी होती. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे आणि ती बंद करता येता कामा नये. कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

बदलाचा खर्च कोटेशनच्या आकड्यावर थांबत नाही, हे मालकांच्या लक्षात आणून द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, 22 सप्टेंबर 2025 पासून त्याचे दर बदलले. ज्यांनी पॅकेज आहे तसं ठेवलं होतं, त्यांनी अपडेट घेतलं, दर भरले आणि बिलं फाडली. ज्यांच्या खास कोडमध्येच जुने दर लिहून ठेवले होते, ते तो कोड लिहिणाऱ्या मुलाचा फोन नंबर शोधत बसले. तो मुलगा केव्हाच पुण्याला गेलेला असतो. प्रत्येक बदल म्हणजे पोसायचं एक तोंड, दर अपडेटला, दर वर्षी.

म्हणून माझा सल्ला होता, एक मार्चएंड मूळ पॅकेजावर काढा. खटकेल ते वहीत लिहा, कोणाचं किती अडलं त्यासकट. एप्रिलमध्ये वही घेऊन बसू. वर्षभर चालवून पाहिल्याशिवाय कोणाची अडचण खरी आणि कोणाची नव्याची, हे ठरवता येत नाही.

मालक तयार झाले. चार पानांचं अर्धं पान झालं, सात मागण्या उरल्या. जाताना स्टोअरमध्ये डोकावलो. बैठकीला स्टोअरकीपरला कोणी बोलावलं नव्हतं. तो चाचणीला आलेल्या नव्या पॅकेजाच्या पडद्यावर चलन भरत होता, आणि शेजारी जुन्या रजिस्टरात तेच पुन्हा हाताने लिहीत होता. का, म्हणून विचारलं.

‘साहेब, ह्यात हीट नंबर टाकायला जागाच नाही की.’

मी खिशातलं अर्धं पान काढलं. भट्टीचा होता, बिलाचा होता. चलनाचा हीट नंबर त्यावर नव्हता. आठवी मागणी त्याच्याच पेनने, सर्वांच्या वर लिहिली.